कूलर बंद केल्यावर

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी
सोफा भिंतीला सरकवते, सतरंजी झटकते,
चपलांसाठी दारात पोतं टाकते,
माठात वाळा. एवढीच तयारी.

नियम कुणी केले नाहीत, होत गेले:
चुकलेल्याला थांबवायचं नाही,
थांबलेल्याला विचारायचं नाही,
मोबाईल फ्रिजवर, पालथे.

परभणीचा मे. साडेसात झाले तरी
भिंतीला हात लावता येत नाही.
कूलर चालू असला की पेटी ऐकू येत नाही,
बंद केला की माणूस टिकत नाही.
म्हणून आमचं प्रत्येक गाणं
घामाच्या मापाचं.
सोसवेना झालं की समेवर या.

मोईनुद्दीन कूलर दुरुस्त करतो.
एकेकाळी वरातीत बेंजो वाजवायचा
नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत.
मग डीजे आले, बेंजो कपाटावर गेला.
आमच्याकडे आला की आधी
कूलरच्या पाठीला कान लावतो,
"पंप बेसूर बोलायलाय, ताई,"
आणि मग मांडी घालतो.

वैजयंता लोखंडे, तहसीलमध्ये असते.
गिटारवर तीनच पकडी येतात तिला,
जगातली सगळी गाणी त्या तिनांत कोंबते.
काही मावतात.

घुगे सर गणिताचे.
तबल्यावर हात कमी, ओठ जास्त हलतात,
मात्रा हातचा धरल्यासारखी धरून ठेवतात
आणि कधीकधी विसरतात द्यायची.

पंपटवार डॉक्टर जनावरांचे.
खिशात माउथ ऑर्गन, बोटांना फिनेलचा वास.
एकदा झिरोफाट्याकडे गाय अडली
म्हणून अंतऱ्यातूनच उठून गेले.
अकराला परत. मी कप विसळत होते.
बाह्या कोपरापर्यंत ओल्या,
"कालवड झाली," म्हणाले
आणि दारात उभ्या उभ्या
उरलेला अंतरा पुरा करून गेले.

माझी पेटी मोडीत निघालेल्या भजनी मंडळाची,
मोंढ्यामागून घेतलेली.
तिचा सा ना पांढरी एकमध्ये बसतो, ना काळी एकमध्ये,
मधेच कुठंतरी उतरलाय, कमी दरात.
वैजयंता खुंट्या पिळते, तबल्याला हातोडी बसते,
मोईन तारा ढिल्या करतो,
सगळे येतात हळूहळू पेटीच्या गावी.
माउथ ऑर्गनला मात्र खुंटी नसते.
त्यामुळे चार वर्षं झाली,
डॉक्टर वाजवतात तेव्हा मी भाता मिटते,
मी वाजवते तेव्हा ते पाणी पितात.

परवा लाईट गेली.
कूलर आपणहून गप्प झाला,
पंख्याची पाती दोनदा कुरकुरली नि थांबली.
मेणबत्ती शोधायला कुणी उठलं नाही.
अंधारात माझी बोटं सा वर होती,
भात्यात उरलेली हवा
सोडून द्यावी म्हणून सोडली.
तेवढ्यात पलीकडून डॉक्टरांचाही सा आला,
त्यांना वाटलं असेल मी पाणी पितेय.

दोघांत केसाएवढं अंतर.
आणि त्या फटीत काहीतरी थरथरायला लागलं,
हवेनं झोके घ्यावेत तसं,
वऽ वऽ वऽ,
ना पेटीचं, ना त्यांचं.

"हे तिसरं कोन बोलायलंय?" मोईन.

डॉक्टर थांबले. "बेसूर आहे ना, हो?"
"आहे की," घुगे सर म्हणाले,
"पर मात्रेत आहे. चालू द्या."

मी भाता पुन्हा ओढला.
त्यांनी पुन्हा फुंकलं.
वैजयंतानं एक तार सोडली अलगद,
तीही पिळलेली नव्हती अजून.
किती वेळ गेला ते घड्याळात नाही,
पदर मानेला चिकटला, एवढं आठवतं.

मग लाईट आली.
कूलर धडाडला, सगळे डोळे मिचकावत एकमेकांकडे,
चोरी पकडल्यासारखे.

मोईन उठला.
आयुष्यभर लोकांचे कूलर चालू करत आलेला माणूस,
त्यानं जाऊन बटण बंद केलं
आणि परत येऊन बसला.